सुरय गप्प झाले की खाली बसायचं

१

माझं काम लोकांचे कान तपासायचं. इस्पितळाच्या तळमजल्यावर शेवटच्या दारामागे एक खोली आहे आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली. आतल्या खोलीच्या भिंतींना गादीएवढा जाड थर आहे. दार लावलं की माणसाला स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. मी काचेबाहेर बसून कळ दाबते. आतल्या माणसाच्या कानात बारीकसं ‘टीं’ वाजतं, आणि ते ऐकू आलं की त्याने हातातलं बटण दाबायचं.

लहान मुलांना बटणाचा कंटाळा येतो. त्यांना आम्ही लाकडी मणी देतो आणि समोर पत्र्याचा डबा ठेवतो. मणी गालाशी धरून थांबायचं, आवाज आला की डब्यात टाकायचा. मूल खरंच ऐकतंय की उगाच मणी टाकतंय, हे ओळखायला मात्र मुरलेली नजर लागते. कंटाळलेलं मूल डब्याकडे बघत असतं. ऐकणारं मूल कुठेच बघत नाही. त्याचे डोळे क्षणभर थबकतात आणि मग हात सुटतो.

आईबापांचं तर विचारूच नका. ‘बघा, बघा, आत्ता वळला!’ म्हणून ते दर दोन मिनिटांनी उठतात आणि पोरगं आपलं पंख्याकडे बघत असतं. मी हसून मान डोलावते आणि कागदावर फुली मारते. लागोपाठ तीन खरे मणी पडल्याशिवाय मी काहीही मानत नाही. माझ्या पाठीमागे विभागात मला ‘संशयी’ म्हणतात. म्हणोत बापडे. माझे कान शाबूत आहेत, मला ऐकू येतं.

आणि माझ्याच पोटची पोर बहिरी जन्मली.

घरात आम्ही तिला ठकी म्हणतो. टपोऱ्या डोळ्यांनी टकमक बघणारी लाकडी बाहुली दिसायची, म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. आता ती पाच वर्षांची आहे. आठ आठवड्यांपूर्वी तिच्या कानामागे, हाडाच्या आत, ऐकण्याचं यंत्र बसवलं. त्याचा बाहेरचा भाग कानावर अडकवायचा असतो. त्यातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला कोटाच्या बटणाएवढी चकती असते. चकतीत लोहचुंबक आहे. ती डोक्याला लावली की टपकन चिकटते आणि आतल्या यंत्राशी जोडली जाते. चकती निघाली की सगळं बंद, मूल पुन्हा ठार बहिरं.

आठ आठवडे चकती जागेवर होती. आठ आठवडे मी रोज संध्याकाळी ठकीसमोर डबा ठेवत होते. ती मणी गालाशी धरून शहाण्यासारखी थांबायची, हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायची. डब्यात एकही मणी पडला नाही.

डॉक्टर म्हणाले, “सोमवारपर्यंत वाट बघू. नाहीतर पुन्हा उघडून बघावं लागेल.” उघडून म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचे आधीचे टाके आत्ता कुठे बुजले होते.

२

पक्ष्यांच्या बेटाची कल्पना नवऱ्याची. तो बस चालवतो, त्यामुळे आवाज मोठा केला की कुठलाही प्रश्न सुटतो अशी त्याची श्रद्धा आहे. महिन्याभरापूर्वी त्याने ठकीला आगारात नेऊन ओळीने सहा बसचे हॉर्न वाजवले होते. ठकी खिदळली. हा धावत घरी आला. मग मी त्याला विचारलं की ती बसमध्ये बसली होती का, सीट थरथरत होती का. तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा पडला.

“तीस हजार पक्षी आहेत तिथे,” तो म्हणाला. “सगळे एकाच वेळी बोंबलतात. जो जातो तो कानात बोटं घालून परत येतो. शनिवारी सुट्टीच आहे. सकाळी बोट जाते, दुपारी परत.”

“यंत्र चालत नसेल तर तीस लाख पक्षी ओरडले तरी उपयोग नाही.”

“आणि चालत असेल तर?”

खरं सांगायचं तर त्याला नाही म्हणायला माझ्यात बळच उरलं नव्हतं. सोमवारपर्यंत घरात बसून डब्याकडे बघण्यापेक्षा पक्ष्यांकडे बघितलेलं काय वाईट?

सासूबाई आमच्या आधी तयार होऊन बसल्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बोटीचं इंजिन लाजून गप्प होईल. पाऊण तासाच्या प्रवासात त्यांनी नावाड्याची बायको, तिचं माहेर आणि गुडघेदुखी इथपर्यंत सगळी माहिती काढली. बोटीत आमच्याखेरीज आठ-दहा माणसं होती. उतरताना सासूबाईंनी पिशवीतून एक मोठ्या काठाची गवती टोपी काढून ठकीच्या डोक्यावर दाबून बसवली.

“ऊन आहे, आणि वरून पक्षी काय काय टाकतील त्याचा नेम नाही,” त्या म्हणाल्या.

ठकीला टोपी आवडली. तिने दोन्ही हातांनी काठ धरून आरशात बघितल्यासारखं माझ्या डोळ्यांत बघितलं.

३

बेट लहान होतं. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसेल एवढं. पांढरी वाळू, कमरेएवढी झुडपं, चार वाकडे माड आणि एकच खोली. खोलीत पक्ष्यांची राखण करणाऱ्या बाई राहत होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या आणि मोजकं बोलणाऱ्या. हंगामाचे सहा महिने त्या इथे एकट्या असतात, असं नावाडी म्हणाला.

धक्क्यापासूनच आवाज अंगावर आला. सुरय म्हणजे पारव्याहून जरा मोठे, पाठीवर काळे, पोटाला पांढरे पक्षी. एकेकटा सुरय कर्कश ओरडतो. तीस हजार मिळून ओरडतात तेव्हा तो आवाज राहत नाही, हवाच घट्ट होते. नव्वद डेसिबलच्या वर असणार, मी मनात आकडा धरला. नवरा ठकीकडे टक लावून बघत होता. ठकी एका खेकड्याकडे टक लावून बघत होती.

बाईंनी सगळ्यांना खोलीत घेऊन दार लावलं, तेव्हा कुठे बोलता यायला लागलं. मी सवयीने खोली न्याहाळली. पलंग, टेबल, पाण्याची पिंपं, दोन खिडक्या. फळीवर ताटं, वाट्या, पातेलं, आणि प्रत्येक भांडं फडक्यात गुंडाळून वर गाठ मारलेली. खिडकीत एक जुना रेडिओ होता. त्याचा दिवा लागलेला दिसत होता, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी कान जवळ नेला. आत एक माणूस बातम्या देत होता.

“एवढ्या गोंगाटात तुम्हाला हा ऐकू येतो?” मी विचारलं.

“नाही येत.”

“मग कशाला लावून ठेवता?”

“गप्प होतात तेव्हा येतो,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. “नीट ऐका. दोरीच्या आतून चालायचं. दोरीबाहेर वाळूतच अंडी आहेत, पाय पडला तर फुटतील. आणि मध्येच कधीतरी सगळे सुरय गप्प होतात. एकदम. आणि उठून समुद्रावर जातात. तेव्हा असाल तिथे खाली बसायचं. बोलायचं नाही. ते परत ओरडायला लागले की उठायचं.”

“का?” नवऱ्याने विचारलं.

“इथली पद्धत आहे.”

“किती वेळ गप्प बसायचं?” सासूबाईंनी काळजीने विचारलं.

“मिनिटभर. कधी दोन.”

“आई, तू दोन मिनिटं गप्प बसलीस तर मी बस चालवायचं सोडून देईन,” नवरा म्हणाला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

पक्षी असे गप्प होतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. ससाण्याची सावली दिसली, किंवा नुसताच एकाला भास झाला, की भीती पूर्ण थव्यातून सरकत जाते. त्यात गूढ काही नाही. माणसांना खाली बसवायचं ते अंड्यांवर पाय पडू नये म्हणून, हेही उघड होतं. रेडिओ एकटेपणासाठी. फडक्यातली भांडी खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून. मी प्रत्येक गोष्टीला कारण लावलं आणि ती सगळी कारणं बरोबरच होती. तरी खोलीतून बाहेर पडताना मनात पाल चुकचुकली.

४

दोरीची वाट बेटाच्या मधून जात होती. दोन्ही बाजूंना सुरय. एकेका अंड्यावर एकेक पक्षी, आणि दोन पक्ष्यांत बरोबर एकाची चोच दुसऱ्याला लागणार नाही एवढंच अंतर. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. काही डोक्यावरून घिरट्या घालत होते. ठकी मान वर करकरून बघत होती आणि एकेकदा दोन्ही हातांचे पंख करून मला दाखवत होती. तिच्याशी आम्ही हातांनीच बोलतो. मागून बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा. नावाने हाक मारायची नाही, हे मीच घरात लावून दिलं होतं. जे तिला मिळत नाही ते तिच्या पाठीमागे कशाला बोलत राहायचं?

अर्ध्या वाटेवर एक बाक होतं. तिथे आम्ही टेकलो. नवरा पुढे जाऊन फोटो काढायला लागला. सासूबाईंनी खाऊचा पत्र्याचा डबा उघडला. तो रिकामा झाल्यावर ठकीने तो मागून घेतला, दोरीच्या काठाला फतकल मारली आणि वाळूतले प्रवाळाचे पांढरे खडे गोळा करायला सुरुवात केली. एक खडा तिने गालाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

म्हणजे खेळ सुरू. सुट्टीच्या दिवशीही तिला वाटत होतं की आईला हेच हवंय.

मी मान हलवली. ती समुद्राकडे तोंड करून, खडा गालाशी धरून बसली. तीस हजार पक्षी तिच्या कानाशी ओरडत होते आणि खडा गालाशीच होता. मग मला जे इतके दिवस वाटलं नव्हतं ते वाटलं. यंत्र चालत नाहीये. सोमवारी उघडावं लागणार. मी ते स्वतःशी स्पष्ट म्हटलं. त्या आवाजात मोठ्याने म्हटलं तरी कुणाला कळलं नसतं, म्हणून मोठ्यानेच म्हटलं.

५

आवाज कमी कमी होत गेला नाही. तो होता आणि मग नव्हता.

सगळे सुरय एकदम उठले. चोची मिटलेल्या. पंखांचा एक मोठा श्वासासारखा आवाज आला, काळ्या-पांढऱ्याची एक चादर आमच्या डोक्यावरून समुद्राकडे निघून गेली आणि खाली उरली फक्त अंडी. नजर जाईल तिथवर, उघडी.

मी खाली बसले. सासूबाई बसल्या, बोलता बोलता त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं, ते त्यांनी पदराने झाकलं. दूर नवरा गुडघ्यांवर बसलेला दिसला. आणि मला माझं गिळणं ऐकू आलं.

उघड्या किनाऱ्यावर, भर दुपारी. माझ्या आतल्या खोलीतही याहून जास्त आवाज असतो. लाटा? ओहोटी होती, बाहेरच्या खडकांनी पाणी अडवलं असेल. वारा? पडला असेल. फक्त मागे, बाईंच्या खोलीतून, रेडिओवरचा माणूस ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण माणसाचा आवाज होता. मी त्याला घट्ट धरून राहिले.

टक्.

ठकीच्या डब्यात खडा पडला.

मी मान वळवली. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिने दुसरा खडा उचलला, गालाशी धरला. थांबली. टक्. तिसरा. गालाशी. टक्.

मी पुढे सरकून तिचा चेहरा बाजूने बघितला. ती डब्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे थबकत होते आणि मग हात सुटत होता. बारा वर्षांत हजारो मुलांच्या चेहऱ्यावर मी हे बघितलंय, त्यात माझी चूक होत नाही. मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तीन खरे मणी! माझी पोर ऐकत होती!

काय ऐकत होती?

रेडिओ, मी मनात म्हटलं. पण रेडिओवरचा माणूस न थांबता बोलत होता आणि खडे थांबून थांबून पडत होते. सारख्या अंतराने. टक्. टक्. कुणीतरी सावकाश चालत यावं त्या अंतराने.

इथे मी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही आईने केलं नसतं. तिने पोरीला कवटाळलं असतं, नाहीतर भिऊन गप्प राहिली असती. मी तपासणीला बसले. बाईंचा नियम मला आठवत होता, पण हाताशी आलेलं उत्तर तपासल्याशिवाय सोडायची मला सवयच नाही. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडावर हात आडवा धरला आणि रोज वीस वेळा विचारते तेच, तशाच सुरात विचारलं.

“ऐकू येतंय का?”

सासूबाईंनी माझा दंड गच्च पकडला. ठकी वळली नाही. माझ्या आवाजाने तिची मानसुद्धा हलली नाही. पण खडे थांबले.

एवढा वेळ चालत असलेलं काहीतरी उभं राहिलं, असं मला वाटलं. मग खडे पुन्हा पडायला लागले. टक् टक् टक् टक्. तिला उचलायला वेळ पुरेना इतक्या भराभर.

डबा पालथा झाला. ठकी उठली, समोर बघून गोड हसली आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

६

रेडिओ मागे होता. ती पुढे चालली होती.

मी दोरी ओलांडली तेव्हा ती वीसेक पावलांवर होती. अंड्यांमधून अलगद पाय टाकत, एकाही अंड्याला न लावता, खडकांच्या टोकाकडे. मी पाय आपटले. मऊ वाळूत पाय रुतला, झालं. मी धावायला लागले. खाली बघत, अंडी चुकवत. दोन अंडी माझ्या टाचेखाली फुटली, ते मला आजही डाचतं.

जवळ गेले तेव्हा दिसलं की तिचा उजवा हात वर आहे. डोक्याच्या वर, कोपरात जरासा वाकलेला, मूठ मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरलं की लहान मुलाचा हात जिथे असतो तिथे.

त्या हाताच्या बाजूची वाळू मी बघितली. सगळ्या बेटावर पक्ष्यांच्या नखांचे ओरखडे होते, हाताएवढीही जागा मोकळी नव्हती. ठकीच्या पावलांच्या शेजारून मात्र एक पट्टा गेला होता. गुळगुळीत. त्यावर काहीच उमटलेलं नव्हतं.

मी तिला मागून कमरेला धरलं. तिला कळलंच नाही. ती पुढे ओढ घेत राहिली, अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. झटापटीत टोपी पडली. आणि मला यंत्राची वायर दिसली. तिच्या मानेवर लोंबत होती. चकती डोक्याला नव्हतीच. बोटीतून उतरताना टोपी दाबून बसवली तेव्हाच ती निघाली असणार आणि तेव्हापासून टोपीत लटकत होती.

म्हणजे पक्ष्यांच्या सगळ्या गोंगाटात ठकी ठार बहिरी होती. आणि आत्ताही होती. बहिऱ्या पोरीने एवढे खडे टाकले होते.

माझी बोटं रोज हेच काम करतात. मी चकती चिमटीत धरली आणि तिच्या केसांतून जागेवर लावली. ती टपकन चिकटली. हिरवा दिवा लागला. त्या शांततेत, तिच्या कानाशी नव्हे, पाठीमागे हातभर अंतरावरून, मी पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या मुलीला हाक मारली.

“ठके!”

ती दचकली. सगळं अंग दचकलं, खांद्यांपासून टाचांपर्यंत. एवढं मोठं दचकणं खोटं नसतं. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

“ठके, इकडे ये. आईकडे ये.”

शब्द तिला कळणं शक्यच नव्हतं. तिने कधी शब्द ऐकलेच नव्हते. मी तिला उचलायला गेले आणि वर गेलेला तो हात खाली येईना. दोघा मोठ्यांनी पोराचा एकेक हात धरावा आणि दोघांनी आपापल्या बाजूला चालू लागावं, तशी ती मधे ताणली गेली. मी सोडलं नाही. मी नुसती तिचं नाव घेत राहिले, ओरडून, रडून, घसा फुटेपर्यंत.

ठकीने माझ्या तोंडाकडे बघितलं. डावा हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला, जिथून आवाज येतो तिथे. आणि उजव्या हाताची मूठ उघडली.

आम्ही दोघी वाळूत मागे पडलो. आणि तीस हजार सुरय ओरडत परत आले.

ठकीने दोन्ही हातांनी कान दाबले आणि भोकाड पसरलं. आवाजाने! आवाज सहन होईना म्हणून माझी पोर रडत होती आणि मी तिला पोटाशी धरून वेड्यासारखी हसत होते. नवरा धापा टाकत आला, तिने कानावर दाबलेले हात त्याने बघितले आणि तो तिथेच, अंड्यांमधे, खाली बसला. कानावरच्या यंत्राला हात लावून मी आवाज थोडा कमी केला. तिचे हात हळूहळू खाली आले.

७

धक्क्यावर बाई थांबल्या होत्या. बाकीची माणसं चढल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“कोण बोललं?”

“मी.”

“काय बोललात?”

“ऐकू येतंय का, असं विचारलं.”

रागावल्या असतील असं मला वाटलं, पण राग नव्हता. “विचारायचं नव्हतं, ताई,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मुलगी वळली ना तुमच्याकडे? मी दारातून बघितलं. वळली. आता बोलत राहा तिच्याशी. मधे गप्प बसू नका.”

“किती दिवस?”

“आईला काय, जन्मभर बोलायचं असतं,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जराशा हसल्या.

बोट निघाली. नवऱ्याला जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं मी सांगितलं. तो म्हणाला, चकती अर्धवट लागलेली असेल, शांततेत तेवढंही पुरलं असेल. शिवाय जमिनीतून थरथर जाणवते, बसच्या सीटसारखी. माझाच धडा त्याने मला शिकवला आणि मी मान डोलावली. कारण चांगलंच होतं. आठ आठवडे न चाललेलं यंत्र आजच कसं चाललं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही. सोमवारी कुणी तिचं डोकं उघडणार नव्हतं, एवढं मला त्या घडीला पुरेसं होतं. सासूबाई ठकीला मांडीवर घेऊन एकसारखं बोलत होत्या आणि ठकी त्यांच्या हलणाऱ्या तोंडाकडे तोंड उघडं टाकून बघत होती. एवढ्या वर्षांत त्यांना इतका मन लावून ऐकणारा कुणी भेटला नव्हता.

शहराचा किनारा जवळ आला तेव्हा नावाड्याने इंजिन बंद केलं. बोट आपल्याच वेगाने धक्क्याकडे सरकायला लागली. दमलेली माणसं, कुणी बोलेना. सासूबाईसुद्धा श्वास घ्यायला थांबल्या.

ठकीचे डोळे थबकले.

तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, बोटीच्या मागे, जिथे नुसतं पाणी होतं तिथे. आणि तिचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला.

“ठके!” मी ओरडले.

ती माझ्याकडे वळली. पुन्हा मागे बघायला लागली. नवऱ्याने माझा चेहरा बघितला. त्याला काय कळलं मला माहीत नाही, मी त्याला सगळं सांगितलंच नव्हतं. पण तो उठून उभा राहिला आणि गर्दीत आडव्या आलेल्या रिक्षावर ओरडतो तसा ओरडला, “ठके! ए ठके!” सासूबाईंनी सूर धरला. “ठकूबाई! अगं ए माझी ठकूबाई!” बोटीतले लोक आधी चमकले, मग त्यांना वाटलं काहीतरी मजा चाललीये. समोरच्या म्हाताऱ्याने हाक मारली. नावाड्याने मारली. मग सगळ्यांनीच, इकडून तिकडून, ठके, ठके, ठके. ठकीला कुणाकुणाकडे वळू असं झालं. ती गर्रकन् इकडे वळायची, गर्रकन् तिकडे, आणि खिदळत सुटली. तिच्या हसण्याला आवाज असतो आणि तो तिला ऐकू येतोय, हे तिच्या मधेच लक्षात आलं. ती थांबली, तिने मुद्दाम हसून बघितलं, आणि मग ती आणखी जोरात हसली.

मागे पाणी होतं. कुणीही तिकडे बघत नव्हतं, मी सोडून.

धक्का लागला. नावाड्याने दोर फेकला. माणसं उतरायला लागली तशा हाका विरळ झाल्या. मी ठकीला कडेवर घेतलं. माझा घसा बसला होता, हवेशिवाय काही बाहेर येत नव्हतं. तरी मी फळीवरून उतरताना, तिच्या कानाशी, जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात तिचं नाव घेतलं.

ठकीने माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि ती माझ्याकडेच बघत राहिली.